ओडाचा मागचा पाय

मार्स्टल, १४ ऑगस्ट १९९४

प्रिय सिडसेल,

तुझ्या आईचा फोन आला. तिने बातमी अशा आवाजात सांगितली की मला वाटलं, तुला काहीतरी झालं. मग कळलं, नोकरी लागली आहे. म्हणजे माझा अंदाज फार चुकला नव्हता.

अभिनंदन. माझ्याच कार्टून स्टुडिओत, माझ्याच पाणमांजरीवर, ओडावर, काम करायला नात्यातली मुलगी जाणार याचा मला आनंद झाला. हे एकदाच लिहितो, पुन्हा विचारू नकोस. बेटावर राहायला आलो त्याला सहा वर्षं झाली, पण ओडा अजून माझ्याच टेबलावर जन्मते आणि बोटीने कोपनहेगनला जाते. दर नाताळात टीव्हीवर तिला बघत तू मोठी झालीस. आता तिचा सिनेमा होतोय. तिची मुख्य चित्रं मी काढतो: उडी मारण्याआधीची, हवेतली, पाण्यात पडलेली. त्यांच्या मधली सगळी चित्रं तुझ्यासारख्या नव्या मंडळींनी भरायची.

तू सल्ला मागितलेला नाहीस, म्हणून देतो.

शुक्रवारी सकाळी सगळे एकत्र पाव-लोणी खातात. पाव कोणी आणायचे त्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. आपली पाळी येईपर्यंत रिकाम्या हाताने जायचं. पहिल्याच आठवड्यात केक घेऊन जाणारा माणूस कशाची तरी माफी मागतोय असं दिसतं. दिग्दर्शक फ्लेमिंग हसला तर हसू नकोस, तो नेमका कशाला हसला ते आधी बघ. बोडिल ऑफिस सांभाळते, तिच्याशी भांडू नकोस. पेन्सिली तिच्या कपाटात असतात.

आणि एक गोष्ट मनात पक्की कर. तुझ्या चित्रावर तुझं नाव कधीच येणार नाही. दहा जणांनी काढलेलं एकाच हाताने काढल्यासारखं दिसलं पाहिजे, आणि तो हात तुझा नसणार. नावाची हौस असेल तर थडग्यावर मोठ्या अक्षरात कोरून मिळतं. तोवर थांबायचं. जे थांबत नाहीत त्यांचं वाईट होतं, आणि त्यांच्या शेजारच्यांचंही.

सरावाचे कागद मला पाठवत जा. लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवीन. लाल रेघा बघून रडायचं नाही. ज्या चित्रात काही आहे त्यावरच मी पेन्सिल झिजवतो. ज्यात काहीच नाही ते कोरं परत येतं.

तुझा,
प्रेबेन मामा


कोपनहेगन, २९ ऑगस्ट १९९४

प्रिय प्रेबेन मामा,

तुमचं पत्र दोन दिवस उशिरा आलं. मी पहिल्याच दिवशी दालचिनीचा केक घेऊन गेले होते.

बोडिलने झाकण उघडून विचारलं, "कोणाचा वाढदिवस?"

"कोणाचाच नाही."

"मग कोण गेलं?"

सगळे हसले. फ्लेमिंगही हसला. मी तुमचं पत्र वाचलेलं नव्हतं, म्हणून मीही हसले. केक दुपारपर्यंत तसाच पडून होता. शेवटी पोस्टाच्या माणसाने दोन तुकडे खाल्ले. आता मला तिथे "केक" म्हणतात. "केक, जरा ते कागद दे."

माझं टेबल खिडकीजवळ आहे, स्वयंपाकघराला लागून. शेजारच्या फळीवर तुमची पाकिटं असतात, मार्स्टलच्या शिक्क्यांची. पाकीट उघडलं की सगळे जमतात. मी अजून लांबूनच बघते. करार फेब्रुवारीअखेरपर्यंतचा आहे. पुढे कायम करायचं की नाही ते फ्लेमिंग ठरवणार. तो म्हणाला, "एका खुर्चीसाठी तिघे आहात. बसा आणि काढा." बाकीचे दोघे माझ्यापेक्षा चांगलं काढतात. मामा, मला ती खुर्ची हवी आहे. इतकी कुठलीच गोष्ट मला कधी हवीशी वाटली नव्हती.

सोबत अकरा कागद पाठवते आहे. माझी ओडा दिसते बरोबर, पण जमिनीवर उभी राहत नाही. कागदावर चिकटवल्यासारखी वाटते. तुमची ओडा उभी असते तेव्हा खालची माती दबते. ते वजन कुठून आणता?

तुमची,
सिडसेल


मार्स्टल, ११ सप्टेंबर १९९४

प्रिय केक,

आठ कागदांवर लाल रेघा आहेत. तीन कोरे आहेत. कोऱ्यांबद्दल विचारू नकोस.

वजन हाताने येत नाही. मी इथल्या दुकानातून दोन वजनकाटे आणलेत, न्हाणीघरात ठेवतात तसले. एकावर डावा पाय, दुसऱ्यावर उजवा. मग ओडासारखं वाकायचं, कुल्ले मागे, मान पुढे, आणि काट्यांकडे बघत हळूहळू झुकायचं. उडी मारणारा प्राणी आधी मागे जातो. सगळं वजन मागच्या एका पायावर येतं आणि दुसरा काटा रिकामा होतो, तो क्षण काढायचा. त्याच्या आधीचा नाही, नंतरचा नाही. त्या पायाची बोटं पसरतात, टाच बसते, आणि पाठीची रेघ त्या टाचेतूनच निघते. ओडाचा मागचा पाय जमला की ओडा जमली. बाकी सगळी फर आहे.

शेजारच्या श्रीमती क्लॉसेन खिडकीतून बघतात. त्यांना वाटतं मी एकेका पायाचं वेगळं वजन करतो. परवा विचारलंही, "मग, कुठला जड भरला?"

हे कोणाला सांगू नकोस. वीस वर्षांत मी स्टुडिओत कोणाला सांगितलेलं नाही. फ्लेमिंगला वाटतं माझ्या हातात काहीतरी दैवी आहे. वाटू दे. म्हाताऱ्या माणसाकडे एवढंच असतं.

खुर्चीचं म्हणशील तर, बाकीचे दोघे चांगलं काढतात ते बरं आहे. चांगलं काढणारे स्वतःसारखंच काढतात. तू माझ्यासारखं काढ. माझ्यासारखं काढणारं त्यांच्याकडे दुसरं कोणी नाही.

तुझा,
प्रेबेन मामा


कोपनहेगन, १६ ऑक्टोबर १९९४

प्रिय प्रेबेन मामा,

मागच्या खेपेचे चौदाच्या चौदा कागद कोरे आले. मी ते घरी नेले नाहीत. स्टुडिओच्या संडासात बसून एकेक उजेडाकडे धरून बघितला, कुठे तरी पुसलेली लाल खूण असेल म्हणून. बाहेरून बोडिल ओरडली, "केक, आत काय भाजतेयस?"

मग मी दोन वजनकाटे विकत आणले.

या खेपेला सहाच कागद पाठवते आहे. बघा.

इथे तुमच्या पाकिटांचं काम आता माझ्याकडे आलंय. तुमची चित्रं खालून दिवा असलेल्या काचेवर ठेवायची, वर नवा कागद घ्यायचा आणि साफ रेघ ओढायची. फ्लेमिंगने मला बोलावून सांगितलं, "प्रेबेनची रेघ जरा सरळ करत जा." मी विचारलं, "जरा म्हणजे किती?" तो म्हणाला, "प्रेक्षकाला थंडी वाजू नये इतकी."

मी अगदी थोडंच करते. तुमचा हात तुमचाच राहतो, काळजी करू नका.

ओडा वळून मागे बघते तेव्हा तिची पाठ कशी फिरते? मान आधी की खांदा आधी? मला नीट समजून घ्यायचं आहे, म्हणजे तुमचं काम माझ्याकडून बिघडणार नाही.

तुमची,
सिडसेल


मार्स्टल, २ नोव्हेंबर १९९४

प्रिय सिडसेल,

सहाच्या सहा कागदांवर लाल रेघा आहेत. चौथ्यावर इतक्या आहेत की खालची तुझी ओडा दिसत नाही. तो कागद भिंतीवर लाव.

मान आधी. मग डोळे. ती जिथे बघणार तिथे मान पोचते, आणि डोळे उशिरा येतात, कारण तिला तिकडे बघायचं नसतं. ओडा भित्री आहे. हे वीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलेलं नाही. पाठ शेवटी फिरते आणि नाइलाजाने फिरते. चार कागद काढून सोबत ठेवलेत, त्यावरून गिरव.

थंडीबद्दल. माझ्या हाताला सकाळी कॉफी लागते, एवढंच. दहानंतर तो दगडासारखा स्थिर असतो. फ्लेमिंग स्वतः सरळ रेघ पट्टीनेसुद्धा ओढू शकत नाही. पण तू साफ करतेस ते बरं झालं. परक्या माणसाने केलं असतं तर मी भांडलो असतो.

एक बघशील का? महिनाभरात मला काढायला सिनेमाचे दोनच प्रसंग आले. पूर्वी आठवड्याला दोन यायचे. नदीकाठच्या प्रसंगाचं माझं पाकीट पोचलं का, तेही बघ. बोडिलला फोन केला तर म्हणाली, "सिनेमा जरा मंदावलाय." सिनेमे मंदावत नाहीत, सिडसेल. पैसे संपतात किंवा माणसं बदलतात. तिथे काही शिजत असेल तर तू मला कळवशीलच. म्हणून मी निर्धास्त आहे.

तुझा,
प्रेबेन मामा


कोपनहेगन, १२ डिसेंबर १९९४

प्रिय प्रेबेन मामा,

उशीर झाला, माफ करा. नाताळच्या जेवणाची गडबड होती. हेरिंग मासे, डुकराचं मांस आणि इतकी दारू की फ्लेमिंगने खुर्चीवर उभं राहून सगळ्यांची नक्कल केली. तुमचीही केली. पेन्सिल धरून, चष्मा कपाळावर. छान केली, तुम्ही हसला असता.

तुमचं नदीकाठचं पाकीट पोचलंय. प्रसंग कमी येताहेत कारण सध्या सगळे मधल्या चित्रांतच अडकलेत. इथे काही शिजत नाही. शिजलं असतं तर वास माझ्याकडे आधी आला असता, माझं टेबल स्वयंपाकघराशेजारीच आहे.

तुमची मान-मग-डोळे युक्ती मी वापरून बघितली. फ्लेमिंग बराच वेळ मागे उभा होता. मग म्हणाला, "हे प्रेबेनचं की तुझं?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्याला सांगता आलं नाही. केक म्हणणं त्याने त्या दिवसापासून बंद केलंय.

ओडा पाण्यातून बाहेर येते तेव्हाची शेपूट तेवढी राहिली. ओली शेपूट जड असते ना? कधी जमिनीला लागते? आणि नदीकाठावर उडीआधी ती उभी राहते, ते चित्र मला मनासारखं काढता येत नाही. त्याचे जुने कागद असतील तर पाठवाल का? लवकर हवेत.

नाताळच्या शुभेच्छा.

तुमची,
सिडसेल


मार्स्टल, १५ जानेवारी १९९५

प्रिय सिडसेल,

जुने कागद तुला नाताळाआधीच पाठवले होते. पोचल्याचं कळवलं नाहीस.

परवा फ्लेमिंगचं पत्र आलं. टाइप केलेलं. वीस वर्षांत त्याने मला टाइप करून काही पाठवलं नव्हतं. "इतक्या वर्षांच्या योगदानाबद्दल" वगैरे. १० फेब्रुवारीला शुक्रवारी तीन वाजता माझा निरोप समारंभ आहे. खायला असेल, प्यायला असेल, गाणं असेल. पाकिटात छापील आमंत्रणपत्रिकाही आहे. म्हणजे मला हाकलल्याचं छापखान्याला माझ्याआधी कळलं.

कारण लिहिलंय, "अंतर". बेट गेल्या सहा वर्षांत जागचं हललेलं नाही.

मी श्रीमती क्लॉसेनना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, आता उन्हाळ्यात घराला रंग काढा." मी दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने काट्यांवर उभा राहिलो. दोन्ही पायांवर सारखं वजन होतं. अशा पोझचं कोणी चित्र काढत नाही.

मी येणार आहे. न येणाऱ्याबद्दल जास्त बोलतात. माझ्या शेजारच्या खुर्चीवर तू बस. तिथे माझं म्हणावं असं आता दुसरं कोणी नाही.

माझ्या जागी कोण बसणार ते कळलं तर सांग. कोणी शिकलेला तरुण असेल, मान आणि डोळे एकदम फिरवणारा. ओडाचं वाटोळं करील. तू तिथे आहेस एवढंच बरं आहे. लक्ष ठेव त्याच्यावर.

तुझा,
प्रेबेन मामा


मार्स्टल, १३ फेब्रुवारी १९९५

प्रिय सिडसेल,

तू शेजारी बसली नाहीस. गाण्याचे कागद वाटत होतीस, नंतर ग्लास भरत होतीस. असू दे. नव्या माणसाला अशीच कामं मिळतात. मी रागावलेलो नाही. उलट मी इतका बरा आहे की मलाच आश्चर्य वाटतंय.

गाणं कोणी लिहिलं? सगळे ग्लास हातात घेऊन माझ्याकडे बघत गात होते:

एका काट्यावर डावा पाय, दुसऱ्यावर उजवा पाय,
वजन कसलं शोधतोस प्रेबेन, हातात उरलंय काय?

मी सगळ्यात मोठ्याने हसलो. पण काट्यांचं त्यांना कसं कळलं? बोटीत बसून विचार केला. मीच कधीतरी बोडिलला सांगितलं असणार. म्हातारपणी तोंड सैल होतं. किंवा श्रीमती क्लॉसेननी त्यांच्या भावाला सांगितलं असेल, तो कोपनहेगनला असतो.

आणि ते चित्र! फ्लेमिंगने भाषण संपवून कापड ओढलं, तेव्हा मला वाटलं होतं, घड्याळ असेल. ओकच्या फ्रेममध्ये ओडा. नदीकाठावर, उडीच्या आधीचा क्षण. "प्रेबेनच्या हजारो कागदांतला हा सर्वात उत्तम," तो म्हणाला. माझे डोळे भरून आले ते सगळ्यांनी बघितलं. बघू दे.

घरी आल्यावर खिळा ठोकला. सवयीने लाल पेन्सिल हातात घेतली आणि काचेला नाक लावून उभा राहिलो. बराच वेळ. दुरुस्त करायला काही सापडलं नाही. मागचा पाय बघ, सिडसेल. टाच बसलेली, बोटं पसरलेली, आणि पाठीची रेघ थेट त्या टाचेतून निघालेली. भित्री आहे, आणि तरी उडी मारणार आहे. कधी काढलं ते आठवत नाही. गेल्या हिवाळ्यातलं असेल, त्याआधीची सगळी मला तोंडपाठ आहेत. म्हणजे हात शाबूत आहे. हेच मला पाहिजे होतं. थंडी म्हणे!

तुझ्या खुर्चीचं काय झालं?

तुझा,
प्रेबेन मामा


कोपनहेगन, १ मार्च १९९५

प्रिय प्रेबेन मामा,

मी कायम झाले. आजपासून.

काम खूप आहे, पुढचे काही आठवडे मोठं पत्र लिहिता येणार नाही. चित्र आवडलं हे वाचून खूप बरं वाटलं. पायाबद्दल लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचलं.

सिडसेल


मार्स्टल, ९ एप्रिल १९९५

प्रिय सिडसेल,

कायम झालीस हे मला तुझ्या आईने दोनदा सांगितलं आणि मी दोन्ही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखं केलं. शाबास.

आता माझं ऐक. मार्स्टलच्या वाचनालयाने माझं छोटं प्रदर्शन मांडलंय. मधोमध ती फ्रेम. शाळेतली पोरं येतात आणि ओडासारखी वाकून उभी राहतात. मी दोन्ही काटे तिथे नेऊन ठेवलेत. आता ते गुपित राहिलंच नाही, तर खेळू देत पोरांना. बेटावरच्या साप्ताहिकाने पहिल्या पानावर चित्र छापलं. कात्रण सोबत आहे. खाली काय लिहिलंय बघ: "प्रेबेन स्कौगॉर यांची ओडा." मी तुला थडग्यापर्यंत थांबायला सांगितलं होतं, आणि माझं नाव थोडं आधीच आलं. हसू नकोस.

पण खरी बातमी वेगळी आहे. मी त्या चित्राचा फोटो ओडेन्सच्या एका लहान स्टुडिओला पाठवला. मुलांसाठी मालिका करतात. त्यांचं उलटटपाली उत्तर आलं: असा मागचा पाय काढणारा माणूस आम्हाला हवा आहे, मेमध्ये भेटायला या. चौसष्टाव्या वर्षी मला नोकरीच्या मुलाखतीला बोलावलंय! कोट धुवायला दिलाय. आता तू मला सल्ला दे, पहिल्या दिवशी केक न्यायचा की नाही?

तुझा,
प्रेबेन मामा


कोपनहेगन, २३ एप्रिल १९९५

प्रिय प्रेबेन मामा,

कात्रण मिळालं. मी ते दहा-बारा दिवस टेबलावर ठेवलं होतं आणि तुम्हाला काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण रोज ते दिसतं आणि रोज त्याच्याखाली तुमचं नाव असतं.

ते चित्र माझं आहे.

जानेवारीत काढलं, एका मंगळवारी, दुपारच्या जेवणाआधी. तुम्ही पाठवलेले जुने कागद समोर होते, पण गिरवलेलं नाही. काट्यांवर उभी राहून काढलं. तुमच्या नदीकाठच्या पाकिटातलं चित्र वापरता येण्यासारखं नव्हतं. रेघ इतकी थरथरत होती की ओडाला ताप आल्यासारखा वाटत होता. ऑक्टोबरपासून तुमची बहुतेक मुख्य चित्रं मीच नव्याने काढत होते. तुमच्या जागी कोण बसणार असं तुम्ही विचारलं होतंत. मी बसले.

फ्रेमची कल्पना फ्लेमिंगची. तो म्हणाला, "प्रेबेनचा निरोप हीच तुझी परीक्षा. स्वतः प्रेबेनला फरक कळला नाही, तर मार्चपासून खुर्ची तुझी." त्याने कापड ओढलं तेव्हा मी ग्लास भरत नव्हते, तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते. तुमचे डोळे भरले आणि फ्लेमिंगने माझ्याकडे बघून मान डोलावली. गाणंही मीच लिहिलं. बोडिलने डिसेंबरमध्येच लिहायला सांगून ठेवलं होतं. काहीतरी खास पाहिजे होतं, आणि तुमच्याबद्दल खास असं दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं.

तुम्ही मला सांगितलं होतंत, नावाची हौस सोड. मी प्रयत्न केला. पडद्यावर माझं नाव नसलं तर चालेल. पण एका बेटावरच्या वाचनालयात, मी आजवर काढलेल्या सगळ्यात चांगल्या चित्राखाली दुसऱ्याचं नाव असावं, हे मला सहन होत नाही. कृपया चित्र उतरवा किंवा खालची नावाची पट्टी बदला.

ओडेन्सला मी परवाच फोन केला. तिथे कोणाला विचारायचं ते बोडिलला ठाऊक होतं. चित्र तुमचं नाही हे त्यांना समोरासमोर सांगताना तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं, म्हणून मीच सांगून टाकलं. ते चांगले वागले. मलाच विचारत होते, सध्या मोकळी आहे का.

एक विनंती. तुम्ही लिहिलं होतंत की त्यात दुरुस्त करायला काही सापडलं नाही. तेव्हा ते तुमचं आहे असं समजून तुम्ही बघत होता. आता माझं म्हणून एकदा बघाल का? आजवर माझ्या कागदाला तुम्ही कधी "बरोबर" म्हटलेलं नाही. मला तेवढंच ऐकायचं आहे. मागचा पाय बरोबर आहे ना?

तुमची,
सिडसेल


मार्स्टल, २ मे १९९५

सिडसेल,

चित्र सोबत पाठवतो आहे. वाचनालयातल्या बाईंनी का उतरवता म्हणून विचारलं, मी सांगितलं. बेट लहान आहे. दुसऱ्या कोणाला सांगावं लागलं नाही. पोरं अजून काट्यांवर उभी राहतात, फक्त मी समोरून आलो की उतरतात.

फ्रेम ठेवून घेतली. ओक चांगला आहे, आणि निरोप माझाच होता.

कोट धुऊन आलाय. ओडेन्सहून काही कळवलेलं नाही. तुला कळलंच असेल.

तू विचारलंस म्हणून चित्र टेबलावर घेतलं. काचेखालचा दिवा लावला, लाल पेन्सिलीला नवं टोक केलं. सकाळचे दहा वाजून गेले होते, हात स्थिर होता. तुझं म्हणून बघितलं. टाच, बोटं, पाठीची रेघ, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग पेन्सिल डब्यात ठेवून झाकण लावलं.

पाकीट मुद्दाम स्टुडिओच्या पत्त्यावर पाठवतोय. शुक्रवारी पोचेल, सगळे पाव खायला बसलेले असतील. पाळी कोणाची आहे कोण जाणे. सगळ्यांसमोर उघड. कागद उजेडाकडे धर आणि नीट बघ, दोन्ही बाजूंनी.

प्रेबेन स्कौगॉर